शेकडा चार नकार आणि कॉफीचे राज्य

॥ श्री ॥

ज्या देवतेने पाण्यास उकळी दिली आणि मनुष्यास धीर देण्याचे तेवढे राहून गेले, तिला प्रथम नमन. शके १९२१, प्रमाथी नाम संवत्सरे, चैत्र वद्य तृतीया, मंदवासरे, या कॉफीच्या राज्याची पहिली वीट ठेविली गेली ऐसे सरकारी दफ्तरी लिहिले आहे. ते खोटे आहे. वीट कोणी ठेविली नाही, तीन धोंडे ठेविले, आणि तेही त्याआधी बारा वर्षे ठेविलेलेच होते. दफ्तरात ऐसे पुष्कळ आहे. म्हणोन, कोणाचा हुकूम नसता आणि कोणी शाबासकी देईल ऐसा भरवसाही नसता, जे पाहिले आणि ऐकिले तेवढे येथे लिहितो. फुरसत असेल त्याने वाचावे.

मुलखाचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. घाट चढोन वर आले म्हणजे तीन वाटा एके ठिकाणी मिळतात, तेथे नाका. नाक्यावर पत्र्याचे छप्पर, छपराखाली चूल, आणि चुलीमागे गोजराबाई. यजमान वारले तेव्हा बाईंचे वय पस्तीस आणि पोटी मूल नाही. नणंद आधीच गेली होती, तिचा मुलगा सुभानजी बारा वर्षांचा, तो मामीच्या पदरी आला. मग बाईंनी कोणापुढे हात पसरिला नाही. बुंददाणे आणिले, लोखंडी तव्यावर भाजिले, उखळात कुटिले, पितळी गाळणीतून काळा अर्क उतरविला, आणि दुधात घालोन येणाऱ्या-जाणाऱ्यास देऊ लागल्या. कॉफी चांगली होती. परंतु चांगली कॉफी घाटाखालीही दोन ठिकाणी मिळत असे आणि तेथे माश्या बसत. येथे माणसे बसत, त्याचे कारण निराळे होते. बाईंची रीत ऐसी की पेला भरण्याआधी गिऱ्हाइकाचे तोंडाकडे पाहावे आणि पुसावे, "झोप लागली का?" एवढेच. मग उत्तर काय येते यापेक्षा ते कैसे येते इकडे ध्यान द्यावे, डोळ्यांखाली पाहावे, पुढे आलेला हात पाहावा, आणि त्याप्रमाणे कोणास कडक द्यावी, कोणास दुधाळ, आणि कोणास मुळीच नाही. "आज तुला कॉफी नाही. घरी जा आन झोप," ऐसे सांगोन पुढच्याकडे वळावे, मग तो पाटील असो की पोस्टमन. दावलभाई आतार म्हणोन अत्तराची पेटी घेऊन बाजार करणारे एक गृहस्थ होते, त्यांचे चिरंजीव परमुलखी गेले आणि पत्र येईना, तेव्हा दावलभाईंची झोप उडाली. त्यांस बाईंनी लागोपाठ नऊ दिवस कॉफी दिली नाही, गरम दूध दिले. दावलभाई रागावले, रुसले, दोन वेळा घाटाखाली जाऊन कॉफी प्याले, पुन्हा वर आले, आणि दहावे दिवशी नीट झोपोन आले तेव्हा त्यांस पेला मिळाला. तो हाती घेऊन ते रडले आणि म्हणाले की घरीदारी सगळे काळजी करू नका म्हणतात, पण माझ्याकडे बघून नाही म्हणणारी तू एकटीच. मग ही गोष्ट आठ बाजारांत पसरली, आणि लोक वाट वाकडी करून नाक्यावर येऊ लागले, कॉफीसाठी थोडे आणि आपल्याकडे कोणी पाहावे म्हणोन फार.

सुभानजी चोवीस वर्षांचे जाहले तेव्हा थोरल्या शहरी राहोन व्यवस्थापनविद्या शिकोन परत आले. ही विद्या ऐसी की जो धंदा आपणांस येत नाही तो दुसऱ्याने कैसा करावा हे सांगता येते. त्यांनी नाक्यावरची गर्दी एक दिवस पाहिली, दोन दिवस पाहिली, आणि तिसरे दिवशी मामीपाशी मसलत काढिली की एक चूल आहे तर शंभर का नसाव्या. बाई म्हणाल्या की चुली मिळतील, बघणारी माणसे कुठली आणशील. सुभानजी म्हणाले की माणसाची गरज पडू नये याचेच नाव व्यवस्था. पोरगा हुशार होता आणि मामीस तो जीव की प्राण होता. बाईंनी चूल, छप्पर आणि नाक्यावरची जागा राज्याच्या नावे लिहून दिली आणि आपण तेथील पहिल्या ठाणेदार जाहल्या. मग सुभानजींनी शहरात दुसरे ठाणे घातले. तेच दाणे, तीच गाळणी, पितळी पेलेही तेच. परंतु गर्दी होईना. चार महिने माश्या बसल्या. तेव्हा त्यांनी चिंतो विश्वनाथ यांस बोलाविले, ज्यांनी समुद्रापलीकडे विद्याभ्यास केला होता, आणि सूत्रनवीस ऐसा नवा हुद्दा निर्माण करून त्यांस दिला, की मामीची विद्या सूत्रांत उतरवावी, जेणेकरून कोणासही करता यावी.

चिंतोपंत नाक्यावर येऊन बाकावर बसले आणि चाळीस दिवस बसोन राहिले. मनुष्य वाईट नव्हता. वही नेटकी, अक्षर मोत्यासारखे, आणि समोर जे दिसेल ते लिहिल्यावाचून हात थांबेना. तिसरे दिवशी बाईंनी त्यांसही नकार दिला, तोही त्यांनी वेळ घालोन लिहिला. त्याच महिन्यात बाईंची मान अवघडली होती, म्हणोन त्या डोके डावीकडे कलते ठेवोन प्रश्न पुसत. चिंतोपंतांनी तेही टिपले, आणि पहिले सूत्र ऐसे जाहले की गिऱ्हाइकास झोपेविषयी पुसताना मस्तक वामबाजूस किंचित कलते असावे, त्यायोगे आस्था प्रकट होते. दुसरे सूत्र उकळीविषयी, तिसरे पेला पुसण्याविषयी, ती ठीक होती. चौथ्या सूत्रापाशी राज्याचे दैव ठरले. चाळीस दिवसांत अडीच हजार माणसे आली होती आणि त्यांतील शंभर रित्या हाती परत गेली होती. चिंतोपंतांनी भागाकार केला आणि लिहिले की प्रत्येक ठाण्याने शेकडा चार गिऱ्हाइकांस नकार द्यावा, अधिक नाही आणि उणा नाही. ऐशी नऊ सूत्रे तयार जाहली, आणि एके दिवशी छपराखाली सगळ्यांसमोर त्यांचे वाचन जाहले. गोजराबाई भांडे घासीत ऐकत होत्या. चौथे सूत्र आले तेव्हा त्यांनी हात थांबविला आणि पुसिले, "कोनते चार?"

चिंतोपंतांनी वही मागेपुढे चाळिली आणि म्हणाले, "ते सूत्रात नाही, बाई. चार होणे महत्त्वाचे."

बाई सुभानजींकडे पाहू लागल्या. सुभानजी वहीकडे पाहू लागले. मग बाईंनी भांडे घासावयास घेतले. पुढे ज्या कित्येक गोष्टी घडल्या त्या सगळ्या याच जागी थांबविता आल्या असत्या, ऐसे आम्हांस वाटते; परंतु भांड्यावर राख लागली होती आणि ते तसेच ठेवणे बाईंच्याने होईना.

मग सूत्रांप्रमाणे शहरातले ठाणे पुन्हा उघडिले, आणि कोणते चार हा प्रश्न ठाणेदारांस पडला तेव्हा चिंतोपंतांनी तोडगा काढिला की दर पंचविसाव्यास नकार द्यावा, म्हणजे कोणाचा दोष नाही आणि कोणास विचार करण्याचा त्रास नाही. पहिले आठ दिवस भांडणे जाहली. रांगेतले लोक मागेपुढे मोजू लागले, चोविसावा हसे, सव्विसावा हसे, पंचविसावा तंडे. मग एके दिवशी एक बडा वकील पंचविसावा आला, त्याने रागाने कारण लेखी मागितले, ठाणेदाराने घाबरोन लिहून दिले की आपणांस विश्रांतीची गरज आहे ऐसे या ठाण्याचे मत आहे. आणि त्या वकिलाने तो कागद कचेरीत भिंतीस लाविला, की पाहा, मी किती काम करितो. त्या दिवसापासोन वारा फिरला. लोक नकारासाठी रांग लावू लागले. नकारपत्र जाड कागदावर छापले गेले, खाली सुभानजींची सही, वर मान कलती केलेल्या गोजराबाईंची तसबीर. एका ठाण्याची बारा जाहली, बारांची साठ, साठांची तीनशे. आणि सुभानजींचे सुभानराव जाहले, सुभानरावांचे श्रीमंत जाहले, आणि सकाळी एका शहरी, दुपारी दुसऱ्या, ऐसे फिरू लागले. प्रत्येक ठाण्यावर उतरताच त्यांस पेला पुढे केला जाई, आणि ते पीत. धन्यास पंचविसावा कोण म्हणेल.

मग परमुलखी मोहिमा सुरू जाहल्या. प्रथम उत्तरेकडील थंड मुलूख घेतला. तेथील लोक ऐसे की जे मागावे ते तत्काळ मिळते, आणि जन्मात कोणी कोणास नाही म्हणत नाही. तेथे पहिल्याच दिवशी एका प्रौढ बाईस नकार मिळाला, तेव्हा ती ठाण्याबाहेरच्या बर्फात उभी राहोन रडली आणि दुसऱ्या दिवशी मैत्रिणींस घेऊन आली. सहा महिन्यांत चाळीस ठाणी जाहली. मग बेटांचा मुलूख घेतला, तेथे लोक मोठे शिस्तीचे. रांगेत कोणी मोजीत नसे, परंतु वडीलधारे मनुष्य मागे दिसले की पुढचे बाजूस होऊन त्यास पंचविसावी जागा देत, आणि ते वाकोन नकार घेत आणि घरी जात. चिंतोपंत हे पाहोन गहिवरले. मग वाळूच्या मुलखावर चाल केली, ज्या मुलखी लोक आपल्या पणजांच्या पणजांपासोन कॉफी पीत आले आहेत. त्यांस कॉफी शिकवावयास आपले लोक गेले. त्यांनी सगळी सूत्रे सभ्यपणे ऐकिली. चौथ्या सूत्राशी एक पांढऱ्या दाढीचे यजमान उठले आणि म्हणाले की आमच्याकडे आल्यागेल्यास कॉफी नाकारणे म्हणजे घराण्याचे वैर. आपण पाहुणे आहा, सबब आज आम्ही ऐकिले नाही ऐसे समजतो. मग त्यांनी राज्याच्या लोकांस खजुरांसह बंदरापर्यंत पोहोचते केले. ही हकीकत दफ्तरी "समाधानकारक माघार" या सदरी आहे.

इकडे नाक्यावरच्या चुलीस मूळपीठ ऐसी संज्ञा मिळाली, छपरास रंग लागला, वाटेवर पाटी आली, आणि गोजराबाई आपल्या पूर्वीच्या रीतीने चालत राहिल्या. सणावारी, जत्रेच्या दुसऱ्या दिवशी, परीक्षांचे दिवसांत त्या अकरा-अकरा जणांस परत धाडीत. आणि कापणी उरकोन माणसे निवांत झोपली की आठ-आठ दिवस एकही नकार नाही. चिंतोपंतांकडे आकडे गेले. त्यांनी भीत भीत श्रीमंतांस दाखविले की नऊही सूत्रे जेथून निघाली ते ठाणे नऊपैकी पाच पाळीत नाही, आणि बाईंची मानही आता सरळ असते. श्रीमंतांनी कागद बाजूस ठेविला. त्यांनी तो ऐसा सात वर्षे बाजूस ठेविला, हे त्यांचे नावे लिहून ठेवणे न्यायाचे आहे. परंतु शके १९३६, जय नाम संवत्सरे, सगळ्या मुलखांच्या ठाणेदारांची सभा भरली, आणि थंड मुलखाचा सुभेदार उठोन बोलिला की मूळपीठास एक न्याय आणि आम्हांस एक, ऐसे असेल तर सूत्रे कशाला. श्रीमंत उठले आणि सातव्या सूत्रात, की जे ठाणे चारांचे पाच नकार करील ते जप्त आणि ठाणेदार बडतर्फ, त्यापुढे आपल्या हाताने लिहिले की मग तो ठाणेदार कोणीही असो. टाळ्यांचा गजर जाहला. बाईंस एवढीच सवलत मिळाली की चार कोण ते त्यांनी निवडावे.

मग नाक्यावर एक कारकून येऊन बसला, त्यापुढे एक घंटा. गिऱ्हाइकांची गणती होई, आणि शेकड्यातले चार नकार संपले की तो घंटा वाजवी. बाईंनी प्रथम कसोशी केली की चार राखोन ठेवावे आणि खरी गरज दिसेल तेथेच खर्चावे. परंतु सकाळी आठ वाजता कोणास कळावे की अकरा वाजता कोण येणार. मग कॉफी ऐसी फिकी करून देऊ लागल्या की तिला दूधच म्हणावे. तर कारकुनाने रंगाचा नमुना आणिला आणि पेला त्यास लावोन पाहू लागला. एके दिवशी घंटा वाजल्यावर दवाखान्यात पाळी करणारी एक परिचारिका आली, तीन दिवसांची जागरणाची, डोळे खोल गेलेले, आणि पुसिल्यावर ती खरे बोलली की झोप नाही. बाईंनी कारकुनाकडे पाहिले. कारकून भला होता, त्याने खाली पाहिले. बाईंनी पेला भरून दिला. आपण जन्मात कोणाचे वाईट केले नाही ऐसे त्यांस वाटत असे, ते त्या दिवसापासोन वाटेनासे जाहले, आणि संध्याकाळी दावलभाईंपाशी बसोन त्यांनी तसे बोलोनही दाखविले. दावलभाई म्हणाले की चूल सोडून दे. बाई म्हणाल्या की चूल सोडली तर इथं बघणारं कोण, निदान चौघांना तरी बघते. आपली चूल जाते की काय ही एक धास्ती, आणि ती राखावयाची तर तोंडे पाहोनही गप्प बसावयाचे हे दुसरे दुःख. दीड वर्ष दोन्ही एकाच बाईंनी वाहिली.

शके १९३७, मन्मथ नाम संवत्सरे, मार्गशीर्ष मासी, राज्यातला सगळ्यांत थोर बेत ठरला. सात मुलूख एकदम राज्यास मिळावयाचे होते, सातांचे वकील आले होते, आणि चिंतोपंतांनी योजिले की तह मूळपीठावर व्हावा. श्रीमंतांनी मामीच्या हातचा पेला घ्यावा आणि लगोलग मोहोर उठवावी. सकाळची वेळ, ऊन पडलेले, मांडव घातलेला. बघ्यांची गर्दी इतकी की एकसष्ट गिऱ्हाइकांतच चार नकार संपले आणि घंटा वाजली. मग श्रीमंत आले. ते बासष्टावे. समुद्रांवरून ये-जा करून त्यांस दिवस कोणता आणि देश कोणता याचे भान उरले नव्हते, चेहरा राखेचा, पापणी फडफडत होती, आणि अंगरख्याच्या बाहीतला हात ऐसा कापत होता की अंगठीचा खडा लुकलुकत होता. वकिलांस वाटले थंडी आहे. बाईंनी पेला भरून हाती घेतला, पुढे केला नाही, आणि पुसिले, "झोप लागली का?"

"लागली," श्रीमंत म्हणाले.

"कधी?"

श्रीमंत आठवू लागले. आठवता आठवता त्यांचे तोंड लहान मुलासारखे जाहले. मग हळू म्हणाले, "मामी, दे. सगळे बघतायत."

"बघू दे. आज तुला कॉफी नाही, सुभान्या. घरी जा आन झोप."

कारकुनाचा हात घंटेवर गेला आणि तेथेच राहिला, कारण पाचव्या नकारासाठी घंटा कैसी वाजवावी हे त्यास कोणी सांगितले नव्हते. चिंतोपंत बाईंचे कानाशी लागोन म्हणाले की हा पाचवा आहे, अजून वेळ गेली नाही, पेला पुढे करा. बाईंनी तो पेला चुलीपुढच्या मातीत ओतिला. सातही वकिलांनी वह्या काढिल्या. आणि श्रीमंत, ज्यांस सोळा वर्षांत कोणी बस म्हणोन सांगितले नव्हते, ते मागल्या बाकावर बसले, भिंतीस डोके टेकिले, आणि बसल्या जागी झोपी गेले. बाईंनी त्यांचे पाय वर उचलोन घेतले, घोंगडी घातली, आणि मांडवातील सगळ्यांस सांगितले की हळू बोला नाहीतर बाहेर जा. सगळे बाहेर गेले. त्या दिवशी मूळपीठावर कोणास कॉफी मिळाली नाही.

श्रीमंत त्या दिवशी झोपले ते दुसऱ्या दिवशी दुपारी जागे जाहले. उठोन म्हणाले की भूक लागली. बाईंनी भाकरी थापली, पिठले केले, वर कांदा फोडून दिला, आणि श्रीमंत मांडी घालोन चार भाकरी जेवले, आणि मध्येच कशावरून तरी हसले. हात पाहिला तर स्थिर. डोळे पांढरे स्वच्छ. "मामी, तू नसतीस तर मी आज नसतो," ऐसे म्हणाले, आणि ते मनापासोन म्हणाले, त्यात काही लबाडी नव्हती. बाईंस बहुत संतोष जाहला. त्या क्षणी त्यांस वाटले की आता पोरगे ताळ्यावर आले, घंटा जाईल, कारकून जाईल, आणि येईल त्याच्या तोंडाकडे बघून जे दिसेल ते बोलता येईल.

मग चिंतोपंत कागद घेऊन आत आले. कागदात लिहिले होते की मूळपीठाने सात मुलखांच्या वकिलांसमक्ष पाचवा नकार दिला, सबब सातव्या सूत्राप्रमाणे ठाणे जप्त आणि ठाणेदार बडतर्फ. चिंतोपंतांनी खाली पाहात सांगितले की वकिलांचे म्हणणे ऐसे आहे की आम्ही कॉफीसाठी आलो नाही, कॉफी आमच्याकडेही आहे. तुमची सूत्रे कोणासाठीही वाकत नाहीत म्हणोन आलो. आज कागदावर मोहोर उठली तर तहावरही उठेल, नाहीतर आम्ही संध्याकाळच्या विमानाने जातो. श्रीमंतांनी कागद दोन वेळा वाचिला. मग मामीकडे वळोन पुसिले, "मामी, काय करू?"

बाई तव्याखालचे लाकूड मागे ओढीत होत्या. त्या म्हणाल्या, "काल इचारलं असतंस तर सांगितलं असतं. आता तुझी झोप झालीया. तुझं तू ठरीव."

श्रीमंतांनी घाई केली नाही, रागही केला नाही, चिंतोपंतांवर ढकलिले नाही. सगळ्या बाजू स्वस्थ चित्ताने पाहिल्या. मग मोहोर उठविली. हात जराही कापला नाही. तो हात कापू नये याचीच तजवीज बाईंनी आपली चूल देऊन केली होती, आणि तिचा पहिला उपयोग हा जाहला.

गोजराबाईंनी पदर खोचिला, अंगावरच्या लुगड्यानिशी बाहेर आल्या आणि दावलभाईंच्या घरी गेल्या. त्यांची बीबी दारात उभी होती, तिने काही न पुसता ओटा झाडून दिला. चार दिवस बाई कोणाशी बोलल्या नाहीत, कारण मन फार दुखावले होते, आणि ते चुलीसाठी थोडे आणि ज्याला भाकरी वाढिली त्याच्यासाठी फार. पाचवे दिवशी तीन धोंडे मांडिले. मूळपीठावर नवा ठाणेदार आला, तो मान कलती ठेवोन पुसतो आणि पंचविसाव्यास परत धाडितो. तेथील काम उत्तम चालिले आहे. श्रीमंतांनी दोन वेळा निरोप पाठविला की मामीस जे पाहिजे ते द्यावे. बाईंनी उत्तर पाठविले की त्याला म्हणावं, ये आन तोंड दाखव. ते आले नाहीत. सात मुलखांचे काम फार होते.

शके १९३९, हेमलंबी नाम संवत्सरे, आश्विन मासी चिंतोपंत एकटेच घाट चढोन आले आणि दावलभाईंच्या ओट्यापाशी उभे राहिले. केस पांढरे जाहले होते, वही हाती नव्हती. त्यांनी सांगितले की श्रीमंत थंड मुलखी वारले; वय बेचाळीस. विमानतळावरून एकटेच निघाले, कोणी ओळखू नये म्हणोन साधा डगला घालोन आपल्याच एका ठाण्यावर रांगेत उभे राहिले, का ते कोणास ठाऊक नाही. ठाणेदाराने रीतीप्रमाणे मान कलती करून पुसिले की झोप लागली का. श्रीमंत म्हणाले, नाही, बरेच दिवस नाही. त्यांचा क्रमांक चोविसावा होता. ठाणेदाराने पेला भरून दिला. तो पिऊन उठता उठता छातीत कळ आली आणि तेथेच आटोपले. ठाणेदाराची चौकशी जाहली, त्यात त्याचा काही दोष निघाला नाही.

गोजराबाईंनी चुलीतले लाकूड मागे ओढिले. मग म्हणाल्या, "म्हंजी त्यानं खरं सांगितलं हुतं."

चिंतोपंत ओट्याच्या पायरीवर बसले आणि थोड्या वेळाने त्यांनी कॉफी मागितली. बाईंनी त्यांचे तोंडाकडे पाहिले, डोळ्यांखाली पाहिले, आणि त्यांस गरम दूध दिले.

येणेप्रमाणे हे राज्य उभे राहिले, वाढले, आणि अद्याप वाढत आहे. ठाणी नऊशे चौदा, मुलूख अठरा, सूत्रे नऊ, नकार शेकडा चार. माणसाच्या तोंडाकडे पाहणारी एक. ती कोणत्याही यादीत धरिलेली नाही, म्हणोन येथे धरिली. लिहिणे इतकेच.